कॅमेऱ्यात बघून हसायचं राहिलं

धाकूकाका,

तू आयसीयूत आहेस आणि मी बाहेरच्या बाकावर. हे पत्र मी तुला कधीच देणार नाही, पण लिहिल्याशिवाय मला इथे बसवत नाही.

कॉलेजच्या शॉर्टफिल्मची प्रोड्युसर मी. बाप गेल्याचं हिरोला नाक्यावरच्या 'भावपूर्ण श्रद्धांजली'च्या बॅनरवरून कळतं, असा सीन होता. बापाचं काम करणारा आयत्या वेळी पलटला. तूच म्हणालास, "अगं, माझाच फोटो टाक. सगळं माजिवडा गाव ओळखतं मला!" मग तुझ्या मयूरच्या हळदीतला तुझा फोटो मी छापून घेतला आणि वर खरा हार घातला.

सरांनी बजावलेलं, मेलेल्याचं काम करणाऱ्याला सीन संपल्यावर कॅमेऱ्यात बघून हसायला लावायचं, मगच पॅकअप. अपशकुन टळावा म्हणून सगळ्या सेटवर हे पाळतात. तू टपरीवर चहा घेऊन थांबलेलास. उजेड चाललेला, मी घाई केली आणि तुला बोलवायचंच विसरले.

तिसऱ्या दिवशी तू जेवता जेवता कोसळलास.

बॅनर माझ्या पलंगाखाली आहे. तुझ्या चेहऱ्यावर कात्री चालवायला हात धजत नाही, जाळणं तर नकोच. बायजाआजी सारखी विचारते, "कोनाची नजर लागली माझ्या पोराला?" मी खाली बघते.

आत्ता मयूर आतून आला. डोळे लाल होते. म्हणाला, "पप्पांचा एखादा चांगला फोटो आहे का गं तुझ्याकडे?"

कशाला, ते विचारायची माझी हिंमत नाही झाली. काका, एकदा हस ना रे.

तुझीच,
ऋतिका