साक्षीच्या ओळीतले पाच स्टिकर

म्हसरूळ, नाशिक
मंगळवार

प्रिय अंजली,

आज तुला 'प्रिय' लिहायची अजिबात इच्छा नव्हती. पण वीस वर्षांची सवय आहे, हात ऐकत नाही. फोन केला असता तर भांडण झालं असतं आणि तू मध्येच ठेवून दिला असतास, म्हणून कागदावर लिहितेय. शेवटपर्यंत वाच.

काल पॅकहाऊसमध्ये द्राक्षं भरत होते, तेव्हा पालकांच्या ग्रुपवर तुझा मेसेज आला. 'एका मुलीने तक्त्यावर स्वतःच स्टिकर लावून घेतले. पालकांनी घरी प्रामाणिकपणा शिकवावा.' नाव घातलं नाहीस, मोठे उपकार! तुझ्या बालवाडीत मुलं बावीस, दोन मिनिटांत सगळ्यांना कळलं. घरी आले तर साक्षी कोपऱ्यात बसून नखांतला डिंक काढत होती. सगळ्यांसमोर ते स्टिकर तिलाच खरवडायला लावलेस ना? चार वर्षांची आहे गं ती! आज शाळेचं नाव काढलं तर दाराची कडी धरून रडली.

तुझा तो तक्ता पहिल्यापासून माझ्या डोक्यात जातो. डबा संपवला की चांदणी, रडलं नाही की चांदणी, आणि उशिरा आलेल्याला त्या दिवशी काहीच नाही. मी साडेसहाच्या गाडीने दिंडोरीला जाते, धनराज माझ्याही आधी घर सोडतो. साक्षीला सासूबाई आणतात, आणि त्यांचे गुडघे तुला माहीत आहेत. दोन चौकांत तीनदा बसावं लागतं त्यांना. गुडघे आजीचे आणि कोरी ओळ नातीची, हा कुठला न्याय? गेल्या आठवड्यात पोरगी रस्ताभर आजीचा पदर ओढत 'पळ ना, पळ ना' करत होती. घरी येऊन म्हणाली, मला ही आजी नको, आयुषसारखी स्कूटरवाली आजी पाहिजे.  सासूबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत.

आणि हे तू करावंस? चौथीत असताना तू धाकट्या भावाला अंगणवाडीत सोडून यायचीस, म्हणून रोज उशीर. बाई तुला दाराशी उभं करायच्या. मधल्या सुट्टीत माझ्या रुमालाला नाक पुसत तू म्हणायचीस, माझी काय चूक गं? तू विसरलीस, मी नाही विसरले. म्हणून तर तू बालवाडी काढलीस तेव्हा सगळ्यांत आधी मी माझ्या पोरीचं नाव घातलं.

आता ज्यासाठी कागद घेतलाय ते लिहिते. शनिवारी पालकसभेला मी साक्षीला घेऊन लवकर आले होते. तू बाहेर फोनवर होतीस. भिंतीवर सगळ्यांच्या ओळी चमकत होत्या, फक्त हिची रिकामी. माझ्या पिशवीत द्राक्षांच्या डब्यांना लावायचे सोनेरी स्टिकर होते, छपाई बिघडलेले, टाकून दिलेले. त्यातले पाच मी लावले. मी लावले अंजली, साक्षीने नाही. ती टाळ्या वाजवायला लागली, तेव्हा तिच्या ओठांवर बोट ठेवून मीच म्हटलं, कुणाला सांगायचं नाही हं. काल तू विचारलंस आणि ती मान खाली घालून उभी राहिली. संध्याकाळी मी विचारलं, बाईंना आईचं नाव का नाही सांगितलंस? तर म्हणते, तूच म्हणाली होतीस ना, कुणाला सांगायचं नाही.

तुझा राग आहेच, माझा स्वतःचा त्याहून जास्त येतोय. गुरुवारी रजा टाकून येते. ज्या बावीस मुलांसमोर तिला चोर ठरवलंस, त्यांच्यासमोर मी सांगणार की ते काम साक्षीच्या आईचं होतं. मग तू तिची माफी माग. बदल्यात चांदणी मात्र देऊ नकोस. आणि हो, आम्हाला दहा मिनिटं उशीर होईल, सासूबाई बरोबर आहेत. आम्ही पोचल्याशिवाय वर्ग सुरू करू नकोस.

अजून तरी तुझीच,
मीना