बुचाचं भाषण

४ मार्च
भाषण! मी! प्रमुख स्वतः घरी येऊन सांगून गेले. समुद्राच्या तळावरच्या आमच्या घुमटात पाणी घुसलं होतं त्याला रविवारी वर्ष होतंय, म्हणून ज्या पोरीने भोक बुजवलं तिने चार शब्द बोलायचे. मी त्यांच्या चपलांकडे बघत मान हलवली. नाही म्हणून हलवली होती. आई म्हणाली, "बघा, तयार झाली."

५ मार्च
वर्षभर सगळे मला बूच म्हणतात, ते चालतं. पण भाषण? शाळा सोडली ती यामुळेच. उभं राहून कविता म्हण म्हटलं की मला उलटी व्हायची.
खिडकीबाहेरच्या माशासमोर सराव केला. "नमस्कार" म्हणाले. गेला निघून. धाकटा म्हणतो, "ताई, त्याला पुढचं कळलं असेल."

६ मार्च
कामावर. घुमटाला बाहेरून चिकटलेले शिंपले खरवडायचे. डोक्यावर हेल्मेट, भोवती नुसतं पाणी, खेकडासुद्धा नाही. जीभ सुटलीच! सगळं बोलले. शौर्यबिर्य काही नव्हतं — हाताला प्रमुखांची गादी लागली, ती भोकात कोंबली. प्रमुख तेव्हा बचावबोटीत सगळ्यात आधी जाऊन बसले होते, उशी घेऊन. गादी नसती तर आईची शेवाळाची भाजी चालली असती, इतकी चिकट असते.
मग हेही बोलले की त्या दिवशी फार भीती वाटली. अजून वाटते. जगात आपण एवढेच उरलोय म्हणून.

संध्याकाळी
मेले. बाहेर जाणाऱ्याने माइक चालूच ठेवायचा, आतल्यांना श्वास ऐकू यायला हवा — नियमच आहे. मी बाहेर कधी बोलतच नाही, म्हणून लक्षातच नव्हतं. स्वयंपाकघरापासून प्रमुखांच्या खोलीपर्यंत सगळीकडे वाजलं.
आई दारातच उभी. "चिकट काय गं?"

७ मार्च
भाषण रद्द. कारण — प्रमुखांचा घसा बसलाय. बोलणार मी होते, घसा त्यांचा बसला! असो. सुटले. आनंदात दोनदा जेवले. भाजीसुद्धा मागून घेतली, आईकडे न बघता.

८ मार्च
रेडिओवाली मावशी धापा टाकत आली. माझी बडबड जुन्या अँटेनावरून पाण्याच्या वरही गेली होती. माझ्या जन्माआधीपासून वरून कुणाचा आवाज आला नव्हता. आज आला. कुणी एक बाई आहे. म्हणते, "भीती वाटते म्हणाली ना, त्या मुलीला पुन्हा बोलायला सांगा. आम्हालाही वाटत होतं, आम्ही एवढेच उरलोय."