पंधरा मिनिटांचा हिरवा ठिपका

तीर्थस्वरूप सावित्रम्मा आत्यांना भाचा विरेशचे शरणु शरणार्थी. पत्र आलं म्हणून घाबरू नका, घरात सगळे धड आहेत. तुमचा मोडलेला उजवा हात आता कसा आहे, हे विचारायचं होतं. पण विचारायचीच लाज वाटते, म्हणून लिहितोय (फोनवर तुम्ही आधी 'जेवलास का' म्हणता आणि मग माझ्याच्यानं पुढचं बोलवत नाही).

गेल्या महिन्यात मी सर्वेक्षणासाठी तुमच्या वस्तीत आलो होतो. घरापासून सरकारी दवाखान्यापर्यंत बसनं किती वेळ लागतो, हे स्वतः जाऊन, घड्याळ लावून मोजायचं काम. ऊन मी म्हणत होतं (घड्याळ ऑफिसनं नवंकोरं दिलं होतं, ते नवंकोरंच राहिलं). म्हटलं, रोज जाणाऱ्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. सायकल दुकानातल्या लालसाबभाईंना विचारलं, थांबा किती लांब. ते म्हणाले, हे काय, पाच मिनिटं. कट्ट्यावरच्या सिद्धरामला विचारलं, बस कधी येते. तो म्हणाला, येतीयच की, पाच मिनिटं. मग बसमध्ये किती वेळ जातो, हे तुम्हाला विचारलं. तुम्ही डाव्या हातानं गव्हाची गोड हुग्गी वाढत म्हणालात, "पाच मिंटं बी न्हाय लागत. तू खा की." मी पाच त्रिक पंधरा लिहिले, हुग्गी दोनदा घेतली आणि तुमच्या पंख्याखाली झोपलो. दारी आलेल्याला आपल्याकडे पाच मिनिटांच्या पुढचं अंतर कोणी सांगत नाही, हे इथंच वाढलेल्या मला कळू नये? बरं, तुम्ही डाव्या हातानं वाढताय, हे तरी दिसावं की नाही?

त्या पंधरा मिनिटांमुळं ऑफिसच्या नकाशात तुमच्या वस्तीवर हिरवा ठिपका पडला. हिरवा म्हणजे सगळं जवळ, जादा बसची गरज नाही. तुम्ही सगळ्यांनी सह्या करून मागितलेली बस दुसऱ्या वस्तीला गेली. परवा आमच्या धाकट्या महेश्वरीकडून कळलं की दवाखान्यात जायला जमत नाही म्हणून तुम्ही हाताचा व्यायामच सोडलाय. काल गुपचूप आलो आणि तुमच्या दारापासून घड्याळ लावलं (आत आलो नाही, तोंड नव्हतं). चालणं, थांबणं, मध्ये बस बदलणं धरून दवाखान्यात पोचायला एक तास बावन्न मिनिटं लागली. व्यायामाची खोली बंद झाली होती. शिपाई म्हणाला, उद्या लवकर या. आत्या, मी तिथल्या बाकावर बसून रडलो.

थोरल्या आहात, भेटल्यावर कान धरा.

तुमचा,
विरेश

ता. क. साहेबांना खरा आकडा दिलाय. ते म्हणाले, पंधराचे एकशे बारा कसे झाले, मंगळवारी मी स्वतःच त्या वस्तीत येऊन विचारतो. माझी नोकरी बहुधा जाईल.

पुन्हा ता. क. पत्र लिहिलं ते खरं यासाठी. मला वाचवायला तुम्ही साहेबांना "पोरानं बरोबरच लिवलंय की" म्हणाल, हे मला माहीत आहे; लहानपणापासून अप्पांपुढं हेच करत आलात. या वेळी करू नका. साहेबांपुढं फक्त उजवा हात वर करा. जेवढा जाईल तेवढाच.