दादीवाला मक्खन

सेक्टर ३०, चंडीगड
४ डिसेंबर

सौ. प्रतिमा विहीणबाईंना विमलचा नमस्कार, वि. वि.

फोनवर तुम्ही बोलू देत नाही, म्हणून लिहिते. तुम्ही साताऱ्याला परतलात म्हणून मी लेकीकडे आले, पण नात माझ्याकडे येईल तर शपथ. हात लावला की म्हणते, दादी चाहिए. वर्षभर तुम्ही सांभाळलीत, मान्य. म्हणून मी काय दारावरची बाई?

आंघोळीआधी तेल घेतलं तर जाई ओरडते, दादीवाला मक्खन लगाओ. बघते तर इसबाची ट्यूब. ऋजुता म्हणते, डॉक्टरांनी पंधरा दिवस, डागापुरती सांगितली होती. तुम्ही रोज अंगभर मालिश केलीत? रंग उजळला म्हणून शेजारीण अजून तुमचे गोडवे गाते. मला तर कोपराच्या आत कांद्याच्या पापुद्र्यासारखी कातडी दिसते, खालच्या शिरांसकट. जावईबापू ऐकून हसले.

ट्यूब मी बंद केली. लोभ असला तर असू द्या.

विमल

सातारा
११ डिसेंबर

सौ. विमलताईंना स. न. वि. वि.

जाईच्या गालांतून पाणी गळायचं तेव्हा तुम्ही कुठं होता? त्या ट्यूबनं पोर झोपायला लागली. थांबवलं की इसब पुन्हा उठायचं, म्हणून लावत राहिले. दुकानदार चिठ्ठी न मागता द्यायचा. वाईट असतं तर दिलं असतं? खरं सांगू, तुम्हाला कातडी नाही, माझं कौतुक खुपतंय.

जाईला पापा. माझ्या शिशिरला जपा, जावई आहे तुमचा.

प्रतिमा

चंडीगड
२० डिसेंबर

विहीणबाईंना नमस्कार.

खुपतं, खुपणारच. पण शिराही दिसतात. मराठी डॉक्टरीणबाईंना दाखवलं. म्हणाल्या, ट्यूब स्टिरॉइडची, औषध चांगलं, पण इतके महिने अंगभर नाही. कातडी पातळ होते, अंगात भिनून पोरीची वाढसुद्धा अडू शकते. रक्त तपासलं, ते ठीक आलं. कातडीही भरेल, वेळ लागेल. मलाही झापलं, न विचारता एकदम बंद का केलं म्हणून. अंग लालभडक झालंय. आता त्या सांगतील तसं हळूहळू कमी करायचं.

पोर खाजवते आणि तुमचं नाव घेते. माझ्या मांडीवर टिकत नाही. लिहायला जड जातंय, पण तुम्ही या. औषध मी लावणार, सांगितलं तेवढंच. तुम्ही तिला नुसतं धरून बसायचं.

लोभ आहे तेवढा पुरे, वाढवायची घाई नाही.

विमल