मिळालं आणि वाचलं

बुधवार, ९ जुलै

आज पावणेबारा वाजता माझं कॉलेज संपलं. म्हणजे कॉलेज आहे तिथंच आहे. मी संपलो.

इंग्रजीचा तास. सरांनी फळ्यापाशी बोलावलं. दोन क्रियापदांचे थर्ड फॉर्म ‘अँड’नं जोडून वाक्य कर म्हणाले. मी लिहिलं, ‘द लेटर वॉज रिटन अँड सेंड.’ पत्र लिहिलं गेलं आणि धाडलं गेलं, असं म्हणायचं होतं. दुसऱ्या बाकावरून ती हळूच म्हणाली, ‘सेंट.’ शेवटी डी नको, टी हवा. एवढंच. वर्ग हसला. ती नव्हती हसली, हे आत्ता आठवतंय!

डोकं फिरलं. तिनं परवा दिलेली चिठ्ठी खिशात होती. ती काढली आणि सगळ्यांसमोर वाचली. मोठ्यानं, तिच्या आवाजाची नक्कल करत. ‘तू भांडतोस तेव्हाही बरा दिसतोस, पण जरा कमी भांड.’ वर म्हणालो, हे लिहिताना कुठं गेलं होतं तुझं व्याकरण?

तिनं पेनाला टोपण लावलं. बास.

माफी माग नाहीतर बाहेर हो, असं सर म्हणाले. मी बाहेर झालो. दार असं आपटलं की मूठ हातात आली. ती खिशात तशीच घरी आली आहे. पितळी. जड.

गुरुवार, १० जुलै

नाही गेलो.

सोमवार, २१ जुलै

नाव काढून घेतलं. बाबा बोलत नाहीत. समोर बसतात आणि आईला म्हणतात, ‘त्याला सांग, मीठ इकडे दे.’ आई मला सांगते. मी मीठ आईला देतो. आई त्यांना देते. एवढ्याशा टेबलावर मिठाचा केवढा प्रवास!

आजपासून मामाच्या दुकानात. रबरी शिक्के. अक्षरं आरशात दिसतात तशी उलटी लावायची, म्हणजे कागदावर सुलटी उमटतात. मामा म्हणाला, ‘इथं सगळं उलटंच असतं. तुला जमेल.’

शुक्रवार, १ ऑगस्ट

आज पहिला शिक्का एकट्यानं केला. माल तपासून पाठवणाऱ्या एका गोदामाचा. कडा ब्लेडनं तासल्या, लाकडी मुठीवर चिकटवला, ऐटीत दिला. तासाभरात गोदामाचा कारकून परत. शिक्क्यावर ‘चेक्ड अँड सेंड’!

पुन्हा तेच. पहिलं क्रियापद भूतकाळात नेऊन बसवलं आणि दुसरं तसंच सोडलं.

मामाला इंग्रजी येत नाही, फक्त अक्षरं येतात, तीही उलटी. त्यानं शिक्का हातात फिरवला. म्हणाला, ‘एकदा झाली तर माणसाची चूक, भाच्या. पुन्हा पुन्हा तीच उमटली तर शिक्क्याची.’

बुधवार, ६ ऑगस्ट

पावणेबारा वाजले की हात थांबतो. फक्त बुधवारी.

परीक्षेआधी वाचनालयात तिनंच शिकवलं होतं मला. म्हणाली, ‘वॉज म्हणजे सायकल आहे. रिटन आणि सेंट तिच्यावर डबलसीट जातात. दुसऱ्यासाठी वेगळा वॉज लागत नाही. पण दोघांनी थर्ड फॉर्म घालूनच बसायचं. एक आत्ताचा आणि एक मागचा, अशी जोडी चालत नाही.’

मी म्हणालो, आपल्याकडे बरं असतं, तपासून पाठवलं, लिहून टाकलं, एक काम उरकलं की दुसरं. ती जरा थांबली. नेहमी थांबते बोलायच्या आधी, म्हणून मी तिला स्वल्पविराम म्हणायचो. मग म्हणाली, ‘म्हणजे आपल्यात रांग असते. इंग्रजीत सोबत.’

हे ऐकताना मी तिच्या कानातला खडा बघत होतो. नियम कुठला डोक्यात शिरणार!

रविवार, १७ ऑगस्ट

तिला पत्र लिहायला घेतलं. चार कागद फाडले. प्रत्येकात ‘मी चुकलो, पण’. पण सगळे हसले. पण तू एकटं असताना सांगायचं होतंस. पण माझा स्वभावच असा.

पाचवा कागद मामानं उचलून वाचला. ओरडलो त्याच्यावर. त्यानं ओरडू दिलं, मग म्हणाला, ‘माफीत पण आला की माफी गेली. तुझी मामी अजून मला माझे पण मोजून दाखवते.’

गुरुवार, २१ ऑगस्ट

ती आली होती!

मी आतल्या खोलीत रबर कापत होतो. बाहेर मामानं कुणाला तरी विचारलं, काय हवंय. उत्तर लगेच आलं नाही. तेवढ्या थांबण्यावरूनच ओळखलं. उठलो. पडद्यापर्यंत गेलो. पुढं पाय उचलेना. वर्गात वाघ, इथं शेळी.

सकाळचे दोन तास ती कॉलेजच्या ऑफिसात काम करते म्हणे. आलेल्या अर्जांवर मारायला शिक्का हवा होता. तिच्या अक्षरातला कागद मामानं आत आणून दिला: ‘रिसीव्ह्ड अँड रेड.’ मिळालं आणि वाचलं. त्यातलं दुसरं गमतीचं आहे. भूतकाळात गेलं तरी स्पेलिंग बदलत नाही, फक्त उच्चार रीडचा रेड होतो. नुसतं लिहिलेलं बघून कळणारच नाही, वाचते आहे की वाचून झालं. शेजारी ‘रिसीव्ह्ड’ बसलंय म्हणून कळतं, की झालं.

तीनदा तपासून शिक्का केला. आयुष्यात इतकं सांभाळून काही केलं नव्हतं.

शनिवार, २३ ऑगस्ट

शिक्का मामा देऊन आला. मी पत्र टाकलं. कॉलेजच्या ऑफिसच्या पत्त्यावर, तिच्या नावानं. घरी पाठवलं असतं तर तिच्या बाबांनी फोडलं असतं.

तीन ओळी. चिठ्ठी तुझी होती, ती वाचायचा मला हक्क नव्हता. सेंटच बरोबर होतं. मी चुकलो. कुठेही पण नाही.

सोमवार, २५ ऑगस्ट

काही नाही.

शुक्रवार, २९ ऑगस्ट

काही नाही. मामा पोस्टमनला चहा पाजतो आणि माझ्याकडे बघत नाही.

मंगळवार, २ सप्टेंबर

पत्र आलं. म्हणजे माझंच परत आलं. दुसऱ्या पाकिटात घालून.

माझ्या तीन ओळींखाली, जांभळ्या शाईत, मीच तासलेल्या कडांचा शिक्का. मिळालं आणि वाचलं. नीट, सरळ उमटवलेला, एक अक्षर फिकं नाही. कितीतरी वेळ तेवढंच बघत बसलो. दोघंही थर्ड फॉर्म घालून बसलेत. संपलेलं आहे. मिळून संपलंय, वाचून संपलंय. मी एकटाच अजून ‘सेंड’!

रागानं चुरगाळणार होतो. मग कोपऱ्यात पेन्सिलीनं काहीतरी दिसलं. तिचं अक्षर, तिचा स्वल्पविराम.

‘वर्गात बोलला होतास, पाकिटात नाही.’

बुधवार, ३ सप्टेंबर

दहा वाजून दहा. मामाला सांगितलं, आज जरा बाहेर जातो. त्यानं कुठे म्हणून विचारलं नाही. सर वर्गात घेतील की नाही माहीत नाही, ती तोंड फिरवेल हे माहीत आहे. मुलं हसतील. हसू देत. पावणेबारापर्यंत फळ्यापाशी पोचायचं, सगळ्यांसमोर त्या तीन ओळी म्हणायच्या, आणि परत यायचं. बदल्यात काही मागायचं नाही.

दाराची मूठ घेतली आहे. स्क्रूही चार घेतलेत.

निघतो. हे दार हळू लावतो.