वार पाळणारे उंदीर

जोगेश्वरी,
२८ सप्टेंबर १९८६

तीर्थस्वरूप विमलामावशीस मालनचा साष्टांग नमस्कार.

इकडे आम्ही सगळे (म्हणजे मी, काका आणि तुझी तुळस) बरे आहोत. तुझे गुडघे काय म्हणतात? गणपतीला म्हणून गावी गेलीस ती तिकडचीच झालीस, त्यामुळे आता लांबलचक पत्र वाचायची शिक्षा भोग.

माझ्या उंदरांचं नक्की काय चाललंय, हे तू विचारलं आहेस. (पहिल्यांदा सांगितलं तेव्हा "उंदरांका कित्याक छळतंस गो?" म्हणाली होतीस, ते मी विसरलेले नाही.) तर अंधेरीच्या आमच्या कॉलेजात मी पांढऱ्या उंदरांना तरतरी आणणाऱ्या औषधाची रोज तेवढ्याच मापाची सुई टोचते आणि पेटीत ते किती धावतात ते यंत्र मोजतं. आपल्याला वाटतं, सवय झाली की धावणं कमी होईल. होतं उलटंच, रोज जास्त धावतात. मॉर्फिनवाले तर आधी गपगार पडून राहतात आणि काही दिवसांनी तेही पळायला लागतात. शेजारच्या प्रेमावहिनी तुला रोज विचारायच्या ना, "आज पण डाळच वाटतं?" पहिल्या दिवशी तू हसलीस, आठवड्याने पळी उगारलीस. मग त्या महिनाभर माहेरी राहून आल्या, आल्या आल्या तेच विचारलं, तर तू पहिल्यापेक्षा जास्त भडकलीस. माझा अख्खा प्रबंध एवढाच आहे, फक्त प्रेमावहिनींच्या जागी औषध.

आता तुलनेसाठी काही उंदरांना नुसतं मिठाचं पाणी टोचायचं असतं. त्यांनी शांत बसायचं, बाकी काही काम नाही. आणि मेले तेच धावायला लागले. आमच्या मार्गदर्शकांनी, म्हणजे नंदकुमार सरांनी, ठरवून टाकलं की मी बाटल्यांची अदलाबदल करते. मी बाटल्यांना रंगीत दोरे बांधले, तरी धावले. श्रावणात मात्र असे शहाण्यासारखे बसले, की सर म्हणाले, मुलगी सुधारली. गणपती गेले आणि यांनी पुन्हा धिंगाणा सुरू केला. सर ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी अगदी शांतपणे सांगितलं, "मालन, हे तुझ्या हातून व्हायचं नाही. तू घरी जा." मी जिन्यात बसून रडले, तुझ्यापासून काय लपवायचं. घरी जायचं म्हणजे काय ते तुला ठाऊक आहे. भाऊंनी (माझे वडील असले तरी आधी तुझे मेहुणे) दसऱ्यापर्यंतच मुदत दिली होती. तोवर प्रबंध झाला नाही, तर कणकवलीचं स्थळ.

सोमवारी मी सामान आवरायला गेले. मटकीची उसळ खाल्ली आणि शेवटचं म्हणून मिठाच्या पाण्याचे उंदीर पेटीत सोडले, तर सगळे गप्प. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. सोमवार, गुरुवार, शनिवार गप्प. मंगळवार, बुधवार, शुक्रवार उड्या. श्रावण अख्खा शांत. मावशी, तुझी सुकट, वार नसेल त्या दिवशी डब्यात असते ती सुकी मासळी. मी डबा खाऊन, साबणाने हात धुऊन, त्याच हातांनी उंदीर उचलत होते, आणि सुकटीचा वास घालवणारा साबण अजून निघायचा आहे. (औषधवाले उंदीरही त्या वासाने किती धावले आणि औषधाने किती, ते देवाला माहीत.)

सरांना सांगितलं तर ते हसलेसुद्धा नाहीत. म्हणून मंगळवारी, तू जाताना माझ्या डब्यासाठी भरून ठेवलेली सुकटीची बरणी नेली आणि त्यांच्यासमोर उघडली. मिठाच्या पाण्याचे झाडून सगळे उंदीर जाळी धरून उभे राहिले. सरांनी बरणी हातात घेऊन वास घेतला. मग म्हणाले, "म्हणजे हे वार पाळतात." त्यांनी जुने आकडे सगळे बाद केले आणि मला नव्याने सुरू करायला सांगितलं, मे महिन्यापर्यंत. हातात रबरी मोजे, आणि जेवण काम संपल्यावर.

मावशी, आभार मानलेले तुला आवडत नाहीत, तरी मानते. दोन वर्षं तू पहाटे उठून माझा डबा भरलास. लग्नाची पोर उंदीर कसले सांभाळते, असं चाळीत कोणी विचारलं की तू म्हणायचीस, शिकतेय ती. तुला उंदरांची किळस, तरी मी माझ्या कामाचं बोलत असताना तू एकदाही उठून गेली नाहीस. माझं एवढं ऐकून घेणारं मला दुसरं कोणी नाही. तुझ्या सुकटीने माझे चार महिने वाया घालवले, पण मी इथवर आले तीही त्याच डब्यावर, त्यामुळे तक्रार अजिबात नाही.

काका वेळेवर जेवतात, तुळशीला पाणी घालते. गुडघ्यांना शेक घे.

तुझीच,
मालन

ता. क. येताना सुकट आणू नकोस.

ता. क. दुसरा : आण. सर अलिबागचे निघाले. बरणी अजून त्यांच्याच कपाटात आहे.

ता. क. तिसरा : खरं तर पत्र एवढ्यासाठीच लिहिलं. मे महिन्याचं भाऊंना अजून सांगितलेलं नाही. तू तिथेच गावी त्यांच्याजवळ आहेस, आणि तुझ्यापुढे ते आवाज चढवत नाहीत. माझ्यासाठी तेवढी मुदत मागून घे. ते नाही म्हणाले, तर मला कळवू नकोस. तुझं उत्तर आलं नाही म्हणजे ते हो म्हणाले, असं धरून मी कालपासून नवे उंदीर सुरूही केलेत.