वैष्णवी काही बोलत नाही

४ जुलै, शुक्रवार
लुटलं! सकाळी मोबाईल उघडला तर वैष्णवीच्या कंपनीचा शेअर ऐंशी टक्के खाली. निवृत्तीचे निम्मे पैसे त्यात — पोरगी पुण्यात त्याच कंपनीत आहे, या एका भरवशावर. तसाच रणधीरच्या ऑफिसात गेलो. माझी खरेदी-विक्री तोच करून देतो. म्हणाला, "काका, स्प्लिट झालंय. एका शेअरचे पाच झाले, म्हणून भाव पाचवा हिस्सा." मग माझे पाच कुठंयत? "सोमवार-मंगळवारपर्यंत दिसतील."
बत्तीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो. 'सुट्टे उतरताना देतो' हे मीच लोकांना सांगायचो.

८ जुलै, मंगळवार
आले. बरोबर पाचपट. तरी रणधीरवर नजर ठेवायची.

१२ जुलै, शनिवार
वैष्णवी न कळवता आली. दोन मोठ्या बॅगा आणि कुकर. कुकर कशाला? "बिघडलाय, आप्पा. शिट्टी होत नाही." पुण्यात कुकर दुरुस्त होत नाही आणि भूमला होतो? म्हणे आता काही दिवस घरूनच काम करणार. लॅपटॉप? "दुरुस्तीला दिलाय."
सतराला कंपनीचा तिमाही निकाल आहे. बरोबर पाच दिवस आधी ही इथं. मला उगाच शंका येत नाही.

१४ जुलै, सोमवार
जेवताना सहज विचारलं — निकाल कसा लागंल गं? ताटातून मान वर केली नाही. "मला काही विचारू नका, आप्पा. मला खरंच माहीत नाही." तीन वर्षं तिथं नोकरी आणि माहीत नाही! आतल्या माणसानं बाहेर बोलायचं नसतं असा कायदा आहे, ते मला कळतं. पण मग नुसतं हसायचं ना. ही हात धुऊन खिडकीबाहेर बघत बसली. बिनतिकिटाचा माणूस मी असाच ओळखायचो. मी जवळ आलो की तो खिडकीबाहेर बघायचा.
मथुरा म्हणते, "आपली पोरगी आल्यापासनं धड जेवंना. तुमी जरा इचारा की तिला." आता आणखी काय विचारू? विचारलंच की.

१५ जुलै, मंगळवार
दुपारी परसात कुणाशी तरी फोनवर हळू बोलत होती. मी गेलो तसा ठेवला. कानावर एवढंच पडलं — "आप्पांना एवढ्यात कळायला नको."
बस. कंपनी बुडतेय, आणि बापाला सांगायला हिची जीभ रेटत नाही.

१६ जुलै, बुधवार
सगळे विकले. रणधीर म्हणाला, "उद्यावर निकाल आला, काका. पोरगी काय बोलली का?" काही बोलली नाही, असं सांगितलं. त्यात खोटं काहीच नाही. घेतल्या भावापेक्षा थोडं कमी आलं, पण वाचलो.

१८ जुलै, शुक्रवार
काल संध्याकाळी निकाल लागला. नफा जवळजवळ दुप्पट. आज शेअर चौदा टक्के वर.
वैष्णवीशी दिवसभर बोललो नाही. तिनं चहा आणून ठेवला, तो तसाच गार होऊ दिला. सगळं माहीत असून पोटच्या पोरीनं बापाला एक शब्द सांगू नये?

१९ जुलै, शनिवार
रणधीर स्टँडवर भेटला. शेअर एवढा का चढला ते पेपरात आलंय म्हणाला. "नफा वाढलाच, वर आता खर्चही कमी करतायत, काका. अकरा तारखेला सातशे माणसं कामावरनं काढली."
अकराला. ती बाराला आली.
घरी आलो. वैष्णवी खिडकीतच बसली होती. मला लाज वाटली, विचारायचं धाडस होईना. आत मथुरेनं तिचा कुकर लावला होता. शिट्ट्या नीट होत होत्या.